वस्तादाने राखलेला डाव : हरिश्चंद्र बिराजदार आणि पुण्याच्या कुस्तीची परंपरा

(शिरूर येथे शिरूर आणि दौंड तालुक्यांतील श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



विषय कळल्यावर एका गृहस्थांनी मला विचारलं, ‘सर, तुमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. तुमचा आणि कुस्तीचा संबंध काय?’ प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यात कुस्ती केली ती फक्त कांटशी, आणि ती बरोबरीत सुटली असं म्हणणंसुद्धा उदारपणाचं होईल. पण तत्त्वज्ञान आणि कुस्ती यांचं नातं मी जुळवलेलं नाही, ते फार जुनं आहे. प्लेटोचं उदाहरण घ्या. डायोजेनिस लार्शियस नावाचा एक जुना चरित्रकार सांगतो, की प्लेटो हे त्याचं टोपणनाव. अर्गोसच्या अॅरिस्टन नावाच्या वस्तादाकडे तो कुस्ती शिकायचा. पोराची अंगकाठी भरदार बघून वस्तादानं त्याला ‘प्लेटो’, म्हणजे रुंद, असं नाव दिलं. म्हणजे अडीच हजार वर्षं जग ज्या नावानं तत्त्वज्ञान शिकतंय, ते नाव तालमीत पडलेलं आहे! सॉक्रेटिससुद्धा तरुण पोरांशी गप्पा मारायला कुठे जायचा? तालमीत. प्लेटोचे काही संवाद तालमीतच घडतात.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे कुस्तीबद्दल एक वाक्य घरोघरी माहीत आहे. वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. पैलवान नसलेला माणूससुद्धा हे वाक्य वापरतो. दुकानदार मुलाबद्दल वापरतो, पुढारी कार्यकर्त्याबद्दल वापरतो. यामागची गोष्ट शेख सादीच्या ‘गुलिस्तान’मध्ये आहे, तेराव्या शतकातली. एका वस्तादाला तीनशे साठ डाव येत होते. लाडक्या शिष्याला त्यानं तीनशे एकोणसाठ शिकवले. शिष्य माजला आणि राजापुढे म्हणाला, मी गुरूपेक्षा कमी नाही. राजानं कुस्ती लावली आणि म्हाताऱ्यानं राखलेल्या डावावर त्याला आपटला. गोष्ट ऐकून आपण वस्तादाच्या हुशारीवर खूश होतो.

पण जरा हिशेब करून बघा. प्रत्येक पिढीतल्या वस्तादानं एकेक डाव राखला, तर दहाव्या पिढीला दहा डाव कमी. शिष्य माजेल की नाही हे माहीत नाही, पण विद्या मात्र नक्की आटणार. म्हणजे जे वाक्य आपण शहाणपण म्हणून सांगतो, ते विद्येच्या बाजूनं पाहिलं तर नुकसानीचं आहे. अॅरिस्टॉटल म्हणतो, एखाद्याला खरोखर काही येतं याची खूण काय? तर त्याला ते शिकवता येतं. नुसतं करता येणं ही अर्धी गोष्ट झाली.

आज ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे त्याची कारकीर्द मी याच कसोटीवर पाहणार आहे. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार. पैलवान म्हणून मोठे होतेच. पण मला त्यांची दुसरी इनिंग, वस्तादाची, जास्त महत्त्वाची वाटते. ती का, आणि तिचा शिरूर-दौंडच्या माणसांशी काय संबंध, हे सांगतो.

मुलूख

बिराजदारांचा जन्म १९५० सालचा. गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा. आज तो लातूर जिल्हा आहे. लातूर जिल्हा झाला १९८२ साली, त्याआधी हा भाग उस्मानाबाद जिल्ह्यात होता, आणि त्याच्याही आधी निजामाच्या राज्यात. म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेव्हाचा हा जन्म. कोरडवाहू मुलूख. तिथल्या शेतकऱ्याच्या घरात दूध, तूप, बदाम यांचा खुराक म्हणजे काय चेष्टा नव्हती.

पण कुस्ती या मुलखाला नवी नव्हती. निलंग्यापासून कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, फार लांब नाही. तिथल्या चालुक्य राजा सोमेश्वरानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं काय काय जाणावं याचा तो कोशच आहे. त्यात मल्लांवर स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांच्या प्रती कशा ठरवायच्या, त्यांचा आहार कसा असावा, सराव कसा घ्यावा, हे सगळं त्यात येतं. नऊशे वर्षांपूर्वी! मराठवाड्याच्या मातीत कुस्ती किती खोल आहे ते यावरून समजावं.

आता तुमच्याकडे येतो. मराठवाड्यातल्या पोराला पुण्याला यायचं तर वाटा दोन. लातूरकडून रेल्वेनं निघालात तर कुर्डुवाडीवरून दौंड आणि मग पुणे. बीड-पाटोद्याकडून रस्त्यानं निघालात तर नगर, मग तुमचं शिरूर आणि मग पुणे. पत्र्याची ट्रंक, त्यात दोन लंगोट आणि घरच्या तुपाचा डबा घेतलेली किती पोरं या दोन वाटांनी गेली असतील, त्याची नोंद कुणी ठेवली नाही. पण महाराष्ट्राच्या कुस्तीचा अर्ध्या शतकाचा इतिहास तुमच्या स्टेशनावरून आणि तुमच्या एसटी स्टँडवरून गेलेला आहे. आणि नुसता गेलेला नाही, थांबलेलाही आहे. कारण यात्रेच्या आखाड्यात इनामाची कुस्ती खेळून महिन्याचा खुराक सोडवायचा, हा पैलवानाचा हिशेब. घोड आणि भीमेच्या काठची गावं त्या हिशेबातली महत्त्वाची गावं.

कुस्तीगीर

१९५३ साली मामासाहेब मोहोळांच्या पुढाकारानं महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीचा किताब सुरू झाला. पहिला मान सांगलीच्या दिनकर दह्यारींचा. हा किताब म्हणजे काय, ते इथे कुणाला सांगायला नको. चांदीची गदा खांद्यावर घेतलेला पैलवान आपल्याकडे आमदारापेक्षा जास्त ओळखला जातो.

त्या काळातली महाराष्ट्र केसरीची यादी पाहिली की एक गंमत दिसते. १९६७ आणि १९६८, चंबा मुतनाळ. १९७० आणि १९७१, दादू चौगुले. दोघेही कोल्हापूरच्या गणपतराव आंदळकरांच्या हाताखालचे. आंदळकर म्हणजे १९६० चे हिंदकेसरी, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक विजेते, आणि नंतर मोतीबाग तालमीचे नामांकित वस्ताद. म्हणजे आंदळकरांचे शिष्य ओळीनं गदा नेत होते, आणि मधल्या एका वर्षी, १९६९ साली, ती ओळ तोडली निलंगा तालुक्यातल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलानं. हे बिराजदार. कोल्हापूर म्हणजे तेव्हा कुस्तीची काशी. तिथे शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान, संस्थानचा राजाश्रय, दुधाचा सुकाळ. मराठवाड्याकडे यातलं काहीच नव्हतं. म्हणून त्या गदेला जास्त वजन होतं असं मी समजतो.

पुढच्याच वर्षी, १९७० च्या जुलैत, एडिंबरोला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. भारताला त्या स्पर्धेत पाच सुवर्णपदकं मिळाली, आणि पाचही कुस्तीत! त्यातलं एक, ८२ किलो गटातलं, बिराजदारांचं. वय वीस. इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक तपशील सांगतो. इंग्रजी नोंदींत या विजेत्याचं नाव ‘हरिश्चंद्र राजिंद्र’ असं काहीतरी आढळतं. बिराजदारचं राजिंद्र झालं. आपल्या गावाकडच्या माणसाचं नाव जगाच्या वहीत शिरताना किती झिजतं, बघा. कागद जपून वाचावा तो याच्यासाठी.

एडिंबरोच्या पदकाचं मोल समजायला माती आणि गादी यांतला फरक नीट कळला पाहिजे. मातीवर काय होतं? हौद्यातल्या लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल कालवलेलं असतं. माती अंगाला लागली की पकड बसते. घाई नसते. सलामी, मग खडाखडी, मग हळूहळू समोरच्याचा अंदाज. जुन्या काळी कुस्ती तास-तास चालायची आणि निकाल एकच, पाठ टेकली की संपलं. गादीवर सगळं उलट. वेळ मोजलेला. प्रत्येक हालचालीला गुण. अंगाला माती नाही, घामानं हात सुटतो. समोरच्याला दमवून मग पाडू, हा मातीवरचा विचार गादीवर अंगाशी येतो. मातीवर वाढलेल्या पोरानं विसाव्या वर्षी परदेशी गादीवर सुवर्ण जिंकणं म्हणजे मराठी माध्यमातल्या मुलानं थेट विलायतेत जाऊन इंग्रजीत वादविवाद जिंकण्यासारखं आहे. भाषा बदलली, व्याकरण बदललं, तरी विचार पक्का होता म्हणून जमलं.

बेळगाव, १९७७

त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत गाजलेली कुस्ती १९७७ सालची, बेळगावची. समोर दिल्लीचा सतपाल. गुरू हनुमान यांच्या आखाड्याचा हा पठ्ठ्या. उंच, ताकदवान, वजनानं भारी आणि वयानं लहान. त्याचं नाव त्या काळी नुसतं घेतलं तरी मैदान भरायचं. त्या सतपालला बिराजदारांनी बेळगावात हरवलं.

मी तेव्हा पंचविशीत होतो, नुकता शिकवायला लागलो होतो. बिराजदार आणि मी साधारण एकाच वयाचे. त्या कुस्तीनंतर आठवडाभर स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. गणिताचे, इंग्रजीचे प्राध्यापक टेबलाभोवती उभे राहून एकमेकांचे हात धरून डाव दाखवत होते. महाराष्ट्राला त्या विजयाचं एवढं का वाटलं? कारण तोपर्यंत लोकांच्या मनात उत्तरेच्या मल्लांची एक भीती बसलेली होती. पंजाब आणि दिल्लीचे मल्ल म्हणजे डोंगर, आपले म्हणजे चपळ पण हलके, अशी समजूत. बेळगावनं ती समजूत मोडली.

पण मला बेळगावच्या मैदानात उभ्या असलेल्या त्या दोघांबद्दल वेगळीच गोष्ट सांगायची आहे. जिंकलेला आणि हरलेला, दोघेही पुढे वस्ताद झाले. सतपालनं १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं आणि मग दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर पोरं घडवायला घेतली. बिराजदार पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवू लागले. एकाच मैदानातून दोन शाळा निघाल्या. त्यांची तुलना केल्याशिवाय आपला विषय पूर्ण होत नाही. ती थोड्या वेळानं करू.

वस्ताद

पुण्यातल्या तालमी पेशवाईपासूनच्या. पेठापेठांत तालीम, तालमीत मारुती आणि लाल मातीचा हौदा. शहर वाढलं, वाडे गेले, तालमी उरल्या. अशा तालमीत वस्ताद काय करतो? बाहेरच्या माणसाला वाटतं डाव शिकवतो. डाव ही त्यातली सगळ्यांत सोपी गोष्ट आहे. ढाक, घिस्सा, एकेरी पट, मोळी, कलाजंग ही नावं आणि त्यांची रीत आठवड्यात सांगून होईल. अवघड असतं ते पुढचं. पहाटे चारला पोराला उठवणं. जोर-बैठका मोजणं. त्याचं पोट बिघडलंय की मन बिघडलंय, हे त्याच्या खडाखडीवरून ओळखणं. घरून पैसे आले नाहीत तर दूधवाल्याला थांबवून धरणं. कुठल्या कुस्तीला हो म्हणायचं आणि कुठल्या इनामाकडे पाठ फिरवायची हे त्याच्या वतीनं ठरवणं.

गिल्बर्ट राइल नावाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्यानं ज्ञानाचे दोन प्रकार सांगितले. एक, ‘अमुक आहे’ हे माहीत असणं. दुसरं, ‘अमुक कसं करायचं’ हे येणं. सायकल कशी चालते हे पुस्तकातून कळतं, सायकल चालवायला येणं पुस्तकातून कळत नाही. वस्तादाकडे दुसऱ्या जातीचं ज्ञान असतं. ते वहीत उतरत नाही. ते अंगावरून अंगावर जातं. म्हणून वस्ताद गेला की पुस्तकांचं कपाट नव्हे, अख्खं विद्यापीठ बंद पडतं, जर त्यानं शिष्य तयार केले नसतील तर.

बिराजदारांना सगळे ‘मामा’ म्हणत. या शब्दाकडे जरा लक्ष द्या. ‘गुरुजी’ नव्हे, ‘सर’ नव्हे, ‘मामा’. मामा म्हणजे आईचा भाऊ. घर सोडून आलेल्या पोराला शहरात आईच्या बाजूचं एक माणूस मिळालं, असा त्याचा अर्थ. रागावणाराही तोच आणि ताटात तूप वाढणाराही तोच.

त्यांच्या शिष्यांतले काका पवार लातूर जिल्ह्यातले. हलक्या वजनगटातले मल्ल, ग्रीको-रोमन प्रकारातले. ग्रीको-रोमन म्हणजे ज्यात कमरेखाली हात लावायचा नाही, पायाची पकड नाही, तो प्रकार. आपल्या मातीतल्या कुस्तीपासून याहून लांबचं काही नसेल. त्यात काका पवारांनी नाव कमावलं, १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळवला आणि पुढे कात्रजला स्वतःचं कुस्ती संकुल उभं केलं. म्हणजे वस्तादाचा शिष्य वस्ताद झाला. अॅरिस्टॉटलची कसोटी इथे एकदा लागली.

दुसरा शिष्य राहुल आवारे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान. मुलगा लहान वयातच बिराजदारांकडे आला. २००८ साली पुण्यात बालेवाडीला युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, त्यात त्यानं सुवर्ण जिंकलं. २००९ मध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेत रौप्य. मामांची मेहनत फळाला येत होती. २००६ चा ध्यानचंद पुरस्कार त्यांना आधीच मिळाला होता. आणि सप्टेंबर २०११ मध्ये बिराजदार गेले. राहुल तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता.

इथे परंपरा तुटायची वेळ होती. असं पुष्कळदा होतं. वस्ताद जातो, पोरं पांगतात, कुणी पोलिसात भरती होतं, कुणी गावी जाऊन शेती करतं. पण राहुल गेला काका पवारांकडे. मोठ्या गुरुबंधूनं धाकट्याला उचललं. मामांनी एकाला जे दिलं होतं ते त्यानं दुसऱ्याला दिलं. राखलेला डाव असता, तर तो मामांबरोबर गेला असता.

पुढचा रस्ता काही सरळ नव्हता. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला ५७ किलो गटात संदीप तोमर गेला, राहुल मागे राहिला. पैलवानाची उमेदीची वर्षं किती? आठ-दहा. त्यातलं एक ऑलिंपिक गेलं म्हणजे चार वर्षं गेली.

मग एप्रिल २०१८. ऑस्ट्रेलियातलं गोल्ड कोस्ट. राष्ट्रकुल स्पर्धा, ५७ किलो. उपांत्य फेरीत पाकिस्तानचा मुहम्मद बिलाल, अंतिम फेरीत कॅनडाचा स्टीव्हन ताकाहाशी. ताकाहाशीला राहुलनं १५-७ असं हरवलं आणि सुवर्ण घेतलं. ते पदक त्यानं कुणाला अर्पण केलं? दिवंगत हरिश्चंद्र बिराजदारांना.

१९७० ला एडिंबरो, २०१८ ला गोल्ड कोस्ट. मध्ये ४८ वर्षं. स्पर्धा तीच, पदक तेच, गुरू आणि शिष्य. गुरू हयात असता तर मी म्हटलं असतं, वर्तुळ पूर्ण झालं. गुरू गेल्यानंतर जवळपास सात वर्षांनी झालं, म्हणून मी म्हणतो, विद्या पोचली. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, राहुलनं जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यही घेतलं.

तुलना, आणि आपला प्रश्न

आता मघाशी बाजूला ठेवलेली तुलना. बेळगावात हरलेल्या सतपालच्या शाळेतून काय निघालं? सुशील कुमार, २००८ ला ऑलिंपिक कांस्य आणि २०१२ ला रौप्य. योगेश्वर दत्त, २०१२ ला कांस्य. रवी दहिया, टोकियोत रौप्य. अमन सेहरावत, २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य. आणि आपलं? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्य जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं थेट २०२४ साली, तेही नेमबाजीत, स्वप्नील कुसाळेचं. कुस्तीत अजून नाही. मैदानात जिंकलो आम्ही, शाळेत जिंकले ते. हे कडू आहे, पण गिळलं पाहिजे.

याचं कारण बिराजदार कमी पडले असं कुणी म्हणेल तर ते चूक आहे. कारण दुसरीकडे आहे, आणि ते तुमच्या-माझ्या हातातलं आहे. मघाच्या ऑलिंपिक पदकांचे वजनगट आठवा. सुशील ६६ किलो. योगेश्वर ६०. रवी ५७. अमन ५७. आणि आपले खाशाबा? बँटमवेट, ५७. सगळे हलके! आता आपण गदा कुणाला देतो? महाराष्ट्र केसरी जड गटाचा किताब. यात्रेत शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती कुणाची? भारी पैलवानांची. लोक कुणाला बघायला येतात? शंभर-सव्वाशे किलोच्या गड्याला. मग ५५ किलोचं चपळ पोर, ज्याचं शरीर ऑलिंपिकसाठी घडलेलं आहे, ते काय करतं? वजन वाढवतं, नाहीतर कुस्ती सोडतं. आपल्या टाळ्या आणि आपलं इनाम जिकडे, तिकडे विद्या वळते. पाणी उताराकडे जातं, त्यात पाण्याचा दोष नाही.

छत्रसालला सरकारी स्टेडियम होतं, गादी होती, लहान वयात निवडून आणलेली पोरं होती. आपल्याकडे तालीम चालली ती यात्रेच्या इनामावर आणि गावच्या वर्गणीवर. हा आपला मोठेपणाही आहे. कुठल्याही सरकारनं न सांगता गावांनी शंभर वर्षं कुस्ती जगवली. पण जगवणाऱ्यानं कोणती कुस्ती जगवतोय ते बघायला हवं.

या पार्श्वभूमीवर बिराजदारांकडे पुन्हा बघा. स्वतः जड गटाच्या किताबाचा मानकरी. रुस्तुम-ए-हिंद. सतपालसारख्या भारी मल्लाला हरवलेला. अशा माणसाला आपल्यासारखेच शिष्य हवे असतात. आपली प्रतिमा समोर उभी करायची इच्छा गुरूला फार असते, आम्हा प्राध्यापकांना विचारा. पण ज्या शिष्यांनी त्यांचं नाव पुढे नेलं ते कोण? काका पवार आणि राहुल आवारे. दोघेही हलक्या वजनाचे. म्हणजे या माणसानं पोराच्या अंगात स्वतःला शोधलं नाही, पोराचं जे होतं तेच वाढवलं. माझ्या मते त्यांच्या वस्तादगिरीचं सार एवढ्यात येतं.

शिरूर-दौंडच्या यात्रा कमिट्यांतले लोक इथे बसले आहेत. त्यांना हात जोडून एवढंच सांगतो. पुढच्या यात्रेत ५७ आणि ६५ किलोच्या कुस्त्यांना मानाचं इनाम लावा. त्या दुपारच्या उन्हात उरकू नका, संध्याकाळी, हलगी ऐन रंगात असताना लावा. आणि मुलींच्या कुस्त्या लावा. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी. ती दारं आता उघडलेली आहेत. खाशाबांनंतरचं कुस्तीचं पदक घोडनदीच्या काठानं येईल की भीमेच्या, ते मला माहीत नाही. पण ते यात्रेच्या पावती पुस्तकातून सुरू होईल, याची मला खात्री आहे.

प्रश्नोत्तरांतून

*दौंडचे एक श्रोते : सर, मग माती बंद करून सगळीकडे गादीच आणावी का?*

नाही. मातीनं पोराला ताकद, दम आणि धीर येतो. मातीवर पडलेलं पोर घाबरत नाही. बिराजदार स्वतः मातीतूनच एडिंबरोला गेले. माती ही मातृभाषा समजा आणि गादी ही दुसरी भाषा. मातृभाषा पक्की असली की दुसरी लवकर येते. मात्र दुसरी भाषा बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू झाली पाहिजे. विसाव्या वर्षी सुरू केली तर उच्चार राहतातच. तेव्हा गावच्या तालमीत हौदा ठेवा, शेजारी गादी टाका. सकाळी एक, संध्याकाळी एक.

*शिरूरची एक कुस्तीगीर विद्यार्थिनी : वस्तादांनी एक डाव राखावा की राखू नये, तुमचं मत काय?*

तुम्ही स्वतः खेळता, म्हणून जपून उत्तर देतो. पोर कच्चं असताना काही डाव न शिकवणं याला राखणं म्हणत नाहीत. तेरा वर्षांच्या मुलीला मान मोडेल असा डाव वस्ताद दाखवणार नाही, आणि दाखवूही नये. ती वेळेची गोष्ट झाली. राखणं म्हणजे, वेळ आली तरी न देणं, आपलं मोठेपण टिकावं म्हणून न देणं. ते करू नये. सादीच्या गोष्टीतल्या वस्तादानं शिष्याला हरवलं, राजाकडून शाबासकी घेतली. पण त्या वस्तादाचं नाव तुम्हाला माहीत आहे का? गोष्टीतही ते नाही. मामांचं नाव मात्र गोल्ड कोस्टच्या आखाड्यात घेतलं गेलं, तेही ते जाऊन जवळपास सात वर्षं झाल्यावर. उद्या तुम्ही वस्ताद व्हाल, तेव्हा तीनशे साठच्या तीनशे साठ शिकवा. आणि तुमच्या शिष्येनं त्यात एकसष्टावा भर घातला, तर तिच्याकडून तो शिकून घ्या.